बिनशिक्क्याची बालवाडी

आमच्या मॅडमच्या बालवाडीत एखाद्या पोट्ट्याला ‘हट्टी’ म्हटलं, की म्हणणारीला एक शेंबडं नाक पुसावं लागायचं. ‘लाडावलेला’ म्हटलं, आणखी एक नाक. ‘किती गुणी ग बाई’ म्हटलं तरी सुटका नाही, कारण मॅडमच्या मते ‘गुणी’ हा सगळ्यात वाईट शिक्का. तो एकदा बसला की पोरगं जन्मभर गुणीपणाच करत बसतं, दुसरं काही करायला त्याला फुरसत मिळत नाही. मी हिंगणघाटच्या किराणा दुकानात वाढलेली. आमच्याकडे गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याला काही ना काही नाव पडलेलं असतं. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात मी किती नाकं पुसली ते न विचारलेलंच बरं.

हे वर्ध्याला, गृहविज्ञानाच्या कॉलेजात. विषय मानव विकास आणि कुटुंबशास्त्र. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “मानव विकास? हे सरकारी योजनेचं नाव हाय का?” आणि काकू म्हणाली, “गृहविज्ञान म्हनजे सैपाकच ना? मंग तो तं घरीच शिक माह्यापाशी. त्याले कॉलेज कायले पाह्यजे?” बाकीच्या विज्ञानवाल्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या असतात, आमच्या प्रयोगशाळेत तीन-चार वर्षांची पोट्टी होती. कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, समोर कडुलिंब, आणि आत गावातली पंधरावीस पोरं. आम्ही भिंतीला टेकून बसायचं, त्यांच्याकडे पाहायचं आणि दिसेल तेवढंच वहीत लिहायचं. पाहायचं म्हणजे काय, हे शिकवायला मॅडमना दोन वर्षं पुरत नसत.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला गुडघ्यांवर चालायला लावलं. चांगले धुतलेले, इस्त्रीचे ड्रेस घालून आलो होतो आम्ही. “तीन वर्षांच्या मानसाले ही खोली कशी दिसते, ते आधी पाहा, मंग पुस्तक उघडू,” असं म्हणून त्या स्वतःच साडी खोचून पुढे निघाल्या. तीन वर्षांच्या माणसाला त्या खोलीत काय दिसत होतं? टेबलाच्या खालून चिकटवलेला च्युइंगम, खिडकीऐवजी खिडकीखालची भिंत, आणि मोठ्यांचे गुडघे. नुसते गुडघेच गुडघे! मला एकदम रडू आलं, का ते आजही नीट सांगता येत नाही. मॅडमनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, “हाव, येते रडू. मलेई आलतं.” आणि चालत्या झाल्या.

त्या अख्खा विषय आपल्या वऱ्हाडीतच शिकवायच्या. मोठमोठ्या परदेशी विद्वानांचे सिद्धांत त्यांच्या तोंडून ऐकले, की वाटायचं ही सगळी मंडळी आर्वी नाक्यावर राहणारी असावीत. “त्याचं म्हननं असं हाय बाप्पा, का पोरगं आधी हातानं इचार करते, मंग तोंडानं. आता तू सांग, तुह्या घरी कोन हातानं इचार करते?” अशी सुरुवात. परीक्षेत मात्र आम्हाला ते शुद्ध भाषेत लिहावं लागे, आणि तिथेच आमची गाडी अडायची.

मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं. त्यावरून बोलणारे बोलायचेच, की स्वतःला ना मूल ना बाळ आणि चालल्या लोकांची पोरं समजून घ्यायला. एकदा एका पालकीणबाईंनी हे तोंडावर ऐकवलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हनूनच मले दिसते जी. तुमाले तुमचंच दिसते.” त्या बाई दुसऱ्या दिवसापासून पोराला दारातून सोडून न जाता आत येऊन बसायला लागल्या, इतकंच सांगते.

बालवाडीच्या दारात मॅडम रोज थांबायच्या आणि आतल्या पोरांना विचारायच्या, “येऊ का?” पोरं “या!” म्हणून ओरडली की मगच आत पाऊल. आम्हाला वाटायचं हा नुसता खेळ. मग एकदा कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती आली. कोट घातलेले दोन सर, एक मॅडम, मागे आमचे प्राचार्य हात चोळत. आमच्या मॅडम दारात थांबल्या आणि नेहमीसारखं विचारलं. आत पोरं चिखलाचे लाडू वळण्यात गुंतलेली. एका पोट्टीने मान वर केली, कोटवाल्यांना नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, “नाई.” झालं! मॅडमनी समितीला सांगितलं, “आता नाई म्हनून राह्यले ते. बसा थोडं.” आणि स्वतः पायरीवर बसल्या. प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. समितीतल्या मॅडम आधी हसल्या, मग त्याही बसल्या. दोन्ही सर उभेच. लाडू संपल्यावर त्याच पोट्टीने येऊन “या आता” म्हटलं आणि तपासणी पार पडली. अहवालात काय लिहिलं देव जाणे. प्राचार्य आमच्या मॅडमशी कितीतरी दिवस बोलत नव्हते.

अशा बाईत खोड काढायची झाली तर एकच होती. त्या गायच्या. रोज सकाळी, पोरांना गोल बसवून, चिमणीचं आणि पावसाचं आणि बैलाचं गाणं. गळा असा, की कडुलिंबावरचे कावळे उठून शेजारच्या वाडीत जायचे. पोरं बिचारी खरी बोलणारी. कुणी कान झाकायचं, कुणी मध्येच आपलं दुसरं गाणं सुरू करायचं, एकजण तर सरळ “बंद करा” म्हणायचा. मॅडमना काडीचाही फरक पडत नसे, कारण त्यांना एक चाहता मिळालेला होता.

त्याचं नाव सोहम. साडेतीन वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, बोलायला अजून लागलेला नव्हता. बाप वर्ध्यात एका औषधाच्या दुकानात कामाला, आजोबा अल्लीपूरला शेती करणारे. दिवाळीनंतर तो आमच्याकडे आला. गाणं सुरू झालं की हा उठायचा, मॅडमच्या मांडीत जाऊन बसायचा, पाठ त्यांच्या छातीला टेकवायचा आणि डोळे मिटून हसायचा. कधी वळून त्यांच्या गळ्यावर हात ठेवायचा. मॅडम अशा फुलून यायच्या म्हणता! “पाहा, पाहा. एवढ्या मोठ्या वर्ध्यात एकच रसिक.” आम्ही तोंडावर ओढणी धरून हसायचो.

संक्रांत होऊन गेली होती. बालवाडीत काम करणाऱ्या बेबीताई जेवणाच्या वेळी स्टीलच्या ताटल्यांची चळत घेऊन आल्या आणि उंबऱ्याला अडखळल्या. सगळ्या ताटल्या फरशीवर! काय तो आवाज. पोरं दचकली, दोघं-तिघं भोकाड पसरून रडायला लागली, मी स्वतः जागची उडाले. सोहम त्या ताटल्यांकडे पाठ करून ठोकळ्यांवर ठोकळे रचत होता. त्याची पाठ हललीसुद्धा नाही. एक ताटली गरगरत त्याच्या पायाशी आली, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती उचलून मनोऱ्यावर ठेवली.

मॅडम त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. हळूच टाळी वाजवली. मग जोरात. मग त्याचं नाव घेतलं. तो ठोकळे रचतच राहिला.

पोरं घरी गेल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं. “सोहमनं कोनाच्या हाकेले कधी ओ देल्ली?” आम्ही एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, “मी तीनदा हाक मारली होती मॅडम, तो वळला नाही.” दुसरी म्हणाली, “माझ्याही वेळी वळला नव्हता.” तिसरीचंही तेच, माझंही तेच. सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांनी इमानदारीनं लिहिलंही होतं. “आन एकीनंही मले येऊन म्हटलं नाई?” मॅडमचा आवाज चढला. मग आमच्यातली एक, नेहमी मागे बसणारी, म्हणाली, “तुम्हीच सांगितलं होतं मॅडम. दिसलं ते लिहायचं, पुढचं काही म्हणायचं नाही. शिक्का मारायचा नाही.”

मॅडम पोरांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. “हाव,” म्हणाल्या. “मीच म्हटलं. आन मीच त्याले मांडीवर घेऊन गात बसली.”

त्यांना इतकं लहान झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कारण त्यांनीच आम्हाला शिकवलेलं होतं, की या वयात कानावर शब्द पडले नाहीत तर पुढे बोलणं येणं फार कठीण होऊन बसतं. एकेक दिवस मोलाचा, आणि दिवाळीपासूनचे सगळे दिवस आम्ही भिंतीला टेकून घालवले होते. सावंगीला मोठा दवाखाना आहे, तिथे लहान पोराला झोपेचं औषध देऊन कान तपासतात. वर्ध्यापासून ते अंतर किती? ऑटोने गेलं तर गप्पा पुऱ्या होत नाहीत. पण घरच्यांनी न्यायला हवं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला मोपेडवर मागे बसवलं आणि आम्ही सोहमच्या घरी निघालो. कुणाच्या घरी जायचं तर त्यांची एक पद्धत होती आणि ती आम्हालाही पाळावी लागे. गेल्यावर प्रश्न विचारायचा नाही, काम मागायचं. लसूण असेल तर लसूण, गहू असतील तर गहू. “हात चालू राह्यले का मानूस बोलते. समोर पेन धरून बसलं का मानूस पाहुना होते,” असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आमची काकू अगदीच चुकीचं बोलली नव्हती.

सोहमचे आजोबा नेमके त्याच दिवशी अल्लीपूरहून तुरीच्या शेंगांची मोठी पिशवी घेऊन आले होते. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. बाप दुकानात गेलेला. आम्ही आत स्वयंपाकखोलीत जमिनीवर बसलो, मध्ये परात, आणि शेंगा सोलायला लागलो. सोहम मॅडमच्या पाठीवर रेलला. त्याची आई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, बारीक, खाली मान घालून बोलणारी. ऊन, शेंगा, घरमालकीण असं इकडचं तिकडचं चाललं होतं. परात अर्धी भरली, आणि ती एकाएकी म्हणाली, “ताटल्या पडल्या म्हने काल.”

“हाव,” मॅडम म्हणाल्या.

“बेबीताईनं सांगतलं.” मग आवाज अगदी खाली आणून, “मले माईत हाय मॅडम. पाळन्यात होता तवापासून माईत हाय.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मॅडमनी माझ्या गुडघ्याला गुडघा लावला, म्हणजे सोलत राहा. मी सोलत राहिले.

तिचं माहेर यवतमाळकडचं. तिला एक भाऊ, तिच्याहून लहान, जन्मापासून ऐकू न येणारा. “त्याले त्याच्या नावानं कोनीच हाक नाई मारत. मुक्या म्हनते. आई बी मुक्याच म्हनते. माह्या लग्नात त्याले मावशीच्या घरी धाडून देल्लं, पाव्हन्यांच्या नजरेस पडू नोको म्हनून. इथं कोनालेच माईत नाई.” तिने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. “मामाजीले समजलं तं म्हनतीन, माहेरचं आनलं आन लपवून आनलं. फसवलं म्हनतीन. माहं इथं काय राहीन मंग? आन याले बी तेच नाव पडन जन्मभर. कोन्या तरी बाईनं मले सांगतलं, का तुमच्या बालवाडीत पोराले कोनी नाव ठेवत नाई. म्हनून तुमच्याकडं टाकला त्याले.”

मॅडमच्या हातून सोललेले दाणे परातीबाहेर पडायला लागले. तिने आपलं पोर लपवायला साऱ्या वर्ध्यात त्यांची बालवाडी शोधून काढली होती. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाल्या, “तू काईच बोलू नोको आता,” आणि परात उचलून तशाच बाहेरच्या खोलीत गेल्या. मी पिशवी घेऊन मागे.

आजोबांच्या समोर फतकल मारून त्या म्हणाल्या, “तुमच्या नातवाले ऐकू येत नाई. बहिरा हाय तो.”

हा शब्द त्यांच्या तोंडून! मला वाटलं जमीन हलली. आजोबांनी पेपर खाली ठेवला. “कोन म्हनते? आमच्या घरान्यात असं कोनीच नाई. याचा बाप बी चार वर्षांचा होईस्तोर बोलला नोयता.”

“मी म्हनतो,” मॅडम म्हणाल्या. “दिवाळीपासून माह्यापाशी हाय, मले समजाले पाह्यजे होतं, समजलं नाई. गलती माही हाय. तुमच्या घरात तं कोनाच्याच ध्यानात नाई आलं, त्याच्या आईच्या बी नाई. तिले कुठून येईन? माह्यासारखीले नाई आलं.”

आजोबा चिडले. एवढं शिकून काय उपयोग, पोरांना सांभाळता येत नाही तर दुकान बंद करा, असं बरंच बोलले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि शेंगा सोलत राहिल्या. “राग माह्यावर काढा. पन त्याले उद्या सावंगीले न्या.” आजोबा म्हणाले, पाहू. मॅडम म्हणाल्या, “पाहा. मी बसली हाय.” आणि खरंच बसल्या. पिशवी संपली, माझी बोटं काळी पडली, शेजारणी डोकावून गेल्या. अखेर आजोबा उठले आणि आत ओरडून म्हणाले, “अवं, उद्याची तयारी कर सावंगीची. नाईतं ह्या बाई आपल्याकडंच मुक्काम करतीन!”

परत येताना मी मागून म्हटलं, “मॅडम, तुम्ही खोटं बोललात.”

“हाव, बोलली,” त्या म्हणाल्या. “तू नोको बोलजो. तुले अजून पास व्हाचं हाय.”

पुढे सोहमला कानाचं मशीन लागलं. पहिल्या पहिल्यांदा तो ते उपटून फेकायचा, कुकरच्या शिट्टीला रडायचा, स्वतःच्याच ओरडण्याला दचकायचा. मशीन लावून बालवाडीत आला त्या पहिल्या सकाळी मॅडमनी गाणं सुरू केलं. तो सवयीने मांडीत जाऊन बसला, एक ओळ ऐकली, तोंड कडू करून वळला आणि त्यांच्या तोंडावर दोन्ही हात ठेवले. मॅडम इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. आता त्या रिटायर झाल्या आहेत आणि ही गोष्ट आल्यागेल्याला रंगवून सांगतात. सावंगीच्या त्या पहिल्या दिवसाचं मात्र कुणाला सांगत नाहीत. ते मीच सांगते, कारण मी तिथे होते.

तपासणीच्या खोलीत सोहम आईच्या मांडीवर औषधाने झोपलेला. बाप दाराशी, आजोबा खुर्चीत, टोपी गुडघ्यावर. मॅडम आणि मी मागे उभ्या. डॉक्टरबाई तरुण होत्या, भराभर विचारत होत्या. जन्माच्या वेळी काही त्रास? ताप येऊन गेला होता? मग मान वर न करता त्यांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला ऐकू कमी येतं का? आईकडे, वडिलांकडे? नीट आठवून सांगा, उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे.”

“नाई जी,” आजोबा म्हणाले. “आमच्याकडं कोनी नाई.”

डॉक्टरबाईंनी आईकडे पाहिलं. मॅडम लगेच एक पाऊल पुढे आल्या. मला त्यांची पाठ दिसत होती आणि मला कळलं, की या बाई आता पुन्हा खोटं बोलणार. तेवढ्यात सोहमच्या आईने हात मागे केला आणि त्यांचं मनगट धरलं.

“माह्या भावाले,” ती म्हणाली. “जन्मापासून. आन याचं मले आधीच माईत होतं. मॅडमले मीच सांगतलं. त्या माह्यासाठी खोटं बोलल्या.”

नवरा दारातून आत आला आणि तिथेच थांबला. डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. आजोबा सुनेकडे पाहत राहिले, आणि मी मनात म्हटलं, संपलं हिचं. मॅडमचं मनगट तिने सोडलं नव्हतं, बोटं पांढरी पडली होती.

“लग्नात काऊन नाई दिसला तो आमाले?” आजोबांनी विचारलं.

तिने मान खाली घातली. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली, झोपलेल्या नातवाच्या कानाकडे पाहिलं आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, “मोठ्या मानसाचं बी तपासता का जी इथं?”

“तपासतो ना काका.”

“मंग पुढच्या खेपेले त्यालेई घेऊन येजो,” ते सुनेला म्हणाले. आवाज अजून रागातलाच होता. “एकट्या पोराचं काय पाहाचं? दोघाचंई पाहून घेऊ. नाव काय त्याचं?”

तिने तोंड उघडलं, पण शब्द लगेच निघेना. घरात कुणी ते नाव घेतच नव्हतं, तिला तरी सवय कुठून असणार?

“पुरुषोत्तम,” ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “पुरुषोत्तम नाव हाय त्याचं.”